भोवऱ्याची बाजू

काही शब्दांच्या कपाळी अपकीर्तीच लिहिलेली असते. 'भोवरा' हा त्यांपैकी एक होय. पोरांच्या हातातला लाकडी भोवरा वगळला, तर या शब्दाविषयी चार बरे शब्द बोलणारा मनुष्य मला आजवर आढळला नाही. माणसे कर्जाच्या भोवऱ्यात सापडतात, संशयाच्या भोवऱ्यात गुरफटतात, आणि राजकारणाच्या भोवऱ्यात तर भल्याभल्यांच्या नौका बुडतात. बैल विकत घेणारा शेतकरी त्याच्या दातांबरोबर अंगावरचे भोवरेही पाहून घेतो, आणि एखादा भोवरा भलत्या जागी निघाला, की ठरत आलेला सौदा मोडतो. पोराच्या डोक्यावर दोन भोवरे दिसले, तर त्याची दोन लग्ने होणार असे भाकीत आजीबाई करून ठेवतात, आणि त्या पोराच्या भावी पत्नीच्या नशिबी बिचारीच्या जन्माआधीच सवत येऊन बसते. उलट 'प्रवाह' हा शब्द पाहा. केवढा त्याचा मान! विचारांचा प्रवाह, काळाचा प्रवाह, राष्ट्रीय जीवनाचा प्रवाह! जो सरळ जातो तो कोठेतरी पोचतो, आणि जो गोल फिरतो तो जागच्या जागी राहतो, अशी आपली पक्की समजूत आहे. तिच्या पुष्ट्यर्थ आपण घाण्याच्या बैलाचा दाखला देतो आणि विषय संपवितो.

मला हा न्याय एकतर्फी वाटतो. आरोपीच्या बाजूने वकील उभा राहिल्यावाचून दिलेला निकाल कोणत्याही न्यायालयात टिकावयाचा नाही. म्हणून आज मी भोवऱ्याचे वकीलपत्र घेतले आहे. माझा अशील मात्र ओढ्यानाल्यांतला नव्हे. त्याचे वास्तव्य पृथ्वीच्या दोन्ही टोकांस, ध्रुवांजवळच्या समुद्रांत असते. त्या भागात ऊब इकडून तिकडे नेण्याच्या कामी त्याचा फार मोठा वाटा आहे. आणि हे काम तो गोल फिरत फिरतच करतो.

घोटीसारख्या गावी राहणाऱ्या माणसाने समुद्राच्या गोष्टी सांगाव्या, हे कित्येकांस हास्यास्पद वाटेल. आमच्या गावाला भात आहे, भाताच्या गिरण्या आहेत, मुंबई-आग्रा रस्ता आहे, आगगाडी आहे, दक्षिणेस कळसूबाईचे शिखर आहे. समुद्र तेवढा नाही. परंतु खरे सांगावयाचे तर समुद्र दर वर्षी जूनमध्ये आमच्या घरी येतो आणि चार महिने मुक्काम करतो. तो कौलांतून गळतो, भिंतींना ओल आणतो, वाळत घातलेले कपडे आठ आठ दिवस वाळू देत नाही आणि खाचरांत घोटाभर उभा राहतो. त्याच्याच जिवावर आमची आवणी होते. परत जाताना तो दोन वाटांनी जातो. आमच्या बाजूचे पाणी दारणेला मिळते, दारणा गोदावरीला मिळते, आणि गोदावरी सारा देश आडवा ओलांडून ते बंगालच्या उपसागराला नेऊन घालते. पलीकडे वैतरणेच्या खोऱ्यात पडलेला थेंब अरबी समुद्राची वाट धरतो. ज्या गावाचे एक सोडून दोन समुद्रांशी नाते आहे, त्याने समुद्राची चौकशी केली तर त्यात नवल कसले?

शिवाय ज्या नैर्ऋत्य वाऱ्यावर बसून हा पाऊस आमच्याकडे येतो, तोच वारा वाटेत सोमालियाच्या किनाऱ्याजवळ समुद्राला असा काही ढवळतो, की तेथे प्रत्येक पावसाळ्यात काही शे किलोमीटर रुंदीचा एक भोवरा तयार होतो. 'महाभोवरा' अशा अर्थाचेच नाव शास्त्रज्ञांनी त्याला दिले आहे. तेव्हा आमच्या पावसाचा आणि भोवऱ्याचा शेजार जुनाच म्हणावयाचा.

येथे वाचकांची एक समजूत आधीच दूर केली पाहिजे. समुद्रातला भोवरा म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे पाण्याला पडलेले विवर आणि त्यात गरगरत जाणारे गलबत उभे राहते. माझा अशील असला कोणी दांडगा नव्हे. तो इतका शांत असतो, की त्याच्यावरून जहाज गेले तरी खलाशांना त्याची दादही नसते. त्याला स्वतःभोवती एक फेरी पुरी करावयास कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. त्याच्या जागी समुद्राचा पृष्ठभाग थोडा फुगलेला किंवा थोडा दबलेला असतो; पण तो किती? तर दहावीस किलोमीटरांपासून शंभर-दोनशे किलोमीटरांपर्यंतच्या विस्तारात वीतभर, फार तर हातभर. इतक्या विस्तीर्ण पसाऱ्यातली एवढीशी उंची डोळ्यांना दिसणे शक्य नाही. परंतु खाली मात्र शेकडो मीटर खोलीपर्यंतचे पाणी एकजुटीने फिरत असते, आणि ते जेथून सुटले तेथली ऊब व तेथले मीठ आपल्या पोटात धरून असते.

हे ज्ञान मला पुस्तकातून झाले नाही. ते आमच्या न्हाणीघराच्या दारात झाले. माझी पुतणी गोव्यास महासागरशास्त्राचा अभ्यास करते. दोन वर्षांपूर्वी ती दिवाळीला आली होती. आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानाला तोच लागतो. मी घंगाळात आधी गार पाणी घेतले, त्यावर बंबातले कढत पाणी सोडले आणि तांब्या बुडविणार, तोच ती म्हणाली, "काका, थांबा. आधी हात फिरवा. वर चटका बसेल आणि खाली बर्फ राहील." विसण घातल्यावर पाणी ढवळावे लागते, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही गृहिणीस शिकवावे लागत नाही. ऊन पाणी हलके, ते वर तरंगते. गार पाणी जड, ते तळाशी बसते. आणि कोणी मध्ये हात घातल्यावाचून ती दोघे एकमेकांची ओळख करून घेत नाहीत.

फराळाच्या वेळी ती म्हणाली, "उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातही असेच थर असतात, काका. पण तिथला प्रकार उलटा आहे. गार पाणी वर आणि ऊन पाणी खाली."

"हे कसे शक्य आहे?" मी विचारले.

"मिठामुळे. पाणी गोठायच्या बेताला आले, की ते किती गार आहे याला फारसे महत्त्व राहत नाही. ते किती खारट आहे यावर त्याचे वजन ठरते. अटलांटिक महासागरातून येणारे पाणी उबदार असते, पण खारटही असते. वर सैबेरियातल्या नद्यांचे गोडे पाणी आणि वितळलेला बर्फ. म्हणून ऊन पाणी खाली दडपलेले राहते."

मला चुलीची आठवण झाली. रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवीत, आणि सकाळी राख दूर केली, की निखारा जिवंत सापडे. उत्तर ध्रुवाभोवतीचा सगळा समुद्र हा असा झाकलेला निखारा आहे. खालच्या थरातली ऊब सारी एकदम वर आली, तर वर तरंगणारा सर्व बर्फ वितळविण्यास ती पुरेशी आहे. ती येत नाही, कारण मध्ये गार पाण्याचा पडदा आहे. तरीही ती ऊब जेथून शिरते तेथेच साठून राहत नाही, दूरदूर पसरते. मग या घंगाळात हात फिरवितो कोण? या प्रश्नाच्या उत्तरात माझ्या अशिलाचे नाव प्रथम येते.

त्या निखाऱ्याचा शोध लागला तो एका नॉर्वेजियन माणसाच्या हट्टामुळे. फ्रिट्योफ नान्सेन याने 'फ्राम' नावाचे जहाज मुद्दाम असे बांधवून घेतले, की बर्फाने दाबले तरी ते चिरडू नये, वर उचलले जावे. १८९३ च्या सप्टेंबरात सैबेरियाच्या उत्तरेस त्याने ते बर्फात अडकवून घेतले. जहाज बर्फात अडकू नये म्हणून इतर नाविक देवाला नवस बोलत; हा गृहस्थ ते अडकावे म्हणून गेला! तीन वर्षे ते जहाज बर्फाबरोबर वाहत राहिले आणि १८९६ च्या ऑगस्टात मोकळे झाले. त्या अवधीत नान्सेनच्या मंडळींनी बर्फाला भोके पाडून खोल पाण्याचे तापमान पाहिले. वरचे पाणी गोठणबिंदूशी, म्हणजे शून्याखाली जवळजवळ दोन अंशांवर. आणि सुमारे दोनशे मीटरांच्या खाली पाहावे तो तापमान शून्याच्या वर! ते पाणी अटलांटिकचे होते. हजारो किलोमीटरांचा प्रवास करूनही त्याने आपली ऊब टिकविली होती.

परंतु नान्सेनला भोवरे दिसले नाहीत. ते दिसावयास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकन संशोधक अलास्काच्या उत्तरेस तरंगत्या बर्फावर तळ ठोकून राहिले होते. त्यांनी बर्फाखाली प्रवाहमापके सोडली. वर पाणी जवळजवळ निश्चल. आणि पन्नास-शंभर मीटर खाली मात्र प्रवाह जोराचा. काही दिवसांनी तो मंद होई, आणि मग उलट दिशेने वाहू लागे. बर्फाचा तळ संथपणे सरकत होता आणि त्याच्या खालून एकामागून एक भोवरे जात होते, असा त्याचा उलगडा झाला. त्यांची रुंदी दहावीस किलोमीटरांची होती. वर बर्फाचे झाकण, त्याच्या घर्षणाने वरचे पाणी थांबलेले, आणि पोटात हे फिरणे चालू. कोणास ठाऊक किती शतके ते असे कोणाच्या नजरेस न पडता चालले होते!

भोवरा जन्मास कसा येतो हे समजण्यासाठी नदीची वळणे डोळ्यांपुढे आणावी. समुद्रातला मोठा प्रवाहही सरळ जात नाही. तो वळसे घेतो. वळसा वाढत जातो, त्याचे वेटोळे होते, आणि वेटोळ्याचे तोंड मिटले, की तेवढे पाणी मूळ प्रवाहापासून तुटून स्वतंत्र फिरू लागते. उबदार प्रवाहातून गारठ्यात तुटून पडलेला भोवरा उष्णगर्भ असतो. उलट दिशेने तुटलेला शीतगर्भ. आपल्याला वाटेल, की असा सुटा पडलेला पाण्याचा गोळा लगेच विरून जाईल. परंतु पृथ्वी स्वतःभोवती फिरत असते, आणि तिच्या त्या फिरण्यामुळे समुद्रात वाहणारे पाणी उत्तर गोलार्धात उजवीकडे व दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. पसरू पाहणारे पाणी पसरण्याऐवजी वळते, वळता वळता गोल फिरते, आणि ते फिरणेच त्याचे कुंपण होते. म्हणून एखादा भोवरा महिनेच्या महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळही आपल्या पोटातले पाणी सांभाळून ठेवतो. ध्रुवांकडे जावे तसतसा पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम वाढतो. तेथे पाण्याच्या वरच्या व खालच्या थरांच्या वजनातला फरकही थोडा असतो. आणि म्हणून तेथले भोवरे आकाराने लहान होतात. घोटीपासून इगतपुरीपर्यंत जावे एवढ्याच लांबीत एखादा पुरा भोवरा मावेल.

दक्षिणेकडची गोष्ट याहून नवलाची आहे. अंटार्क्टिका खंडाभोवती समुद्राचे एक अखंड कडे आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाखाली ड्रेकची सामुद्रधुनी आहे. तिच्या अक्षांशांवर पृथ्वीला पुरी प्रदक्षिणा घातली तरी वाटेत जमीन आडवी येत नाही. म्हणून पश्चिमेच्या वाऱ्यांनी ढकललेला तेथला प्रवाह खंडाभोवती अहोरात्र फिरत असतो. दर सेकंदास सुमारे तेरा ते सतरा कोटी घनमीटर पाणी त्यातून वाहते. जगातल्या सर्व नद्या एकत्र केल्या, तरी त्याच्या शंभराव्या हिश्शाइतक्याही भरणार नाहीत. आमच्याकडे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालणाऱ्या भाविकांची रीघ ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ती रीघ कधी न खंडणारी आहे अशी कल्पना करावी. गंमत अशी, की एवढा बलाढ्य प्रवाह उत्तरेची ऊब दक्षिणेस नेण्याच्या कामी फारसा उपयोगी पडत नाही. तो पूर्वेकडे जातो आणि पूर्वेकडेच जात राहतो. तो एखाद्या तटासारखा आहे. बाहेरची ऊब बाहेर आणि आतला गारठा आत.

तरीही दक्षिणेकडचा समुद्र आकाशाला जी उष्णता देऊन टाकतो, तिची भरपाई कोठून तरी होतच असली पाहिजे. ती कशी होते, हा प्रश्न बरीच वर्षे पडलेला होता. १९७० नंतरच्या दशकात ड्रेकच्या सामुद्रधुनीत समुद्राच्या तळाशी नांगरलेल्या दोरांना उपकरणे बांधून ती महिनोगणती ठेवण्यात आली. त्यांच्या नोंदींवरून असे दिसले, की त्या तटातून ऊब पलीकडे जाते ती भोवऱ्यांच्या द्वारे. दक्षिणेकडे वळणारे पाणी किंचित उबदार, उत्तरेकडे परतणारे किंचित गार. एका फेरीत पडणारा हा फरक क्षुल्लक, पण फेऱ्या असंख्य. थोर प्रवाह तटाभोवती दिमाखाने फिरत राहतो, आणि हे चिल्लर भोवरे त्यातूनच सुटून, कोणाला न कळता, ऊब आत नेऊन पोचवितात.

हे ऐकत असताना मला आमच्या आत्याची आठवण येत होती. लहानपणीच वैधव्य आल्यामुळे ती माहेरी परतली होती; परंतु माहेर म्हणजे तीन भावांची तीन घरे. एक घोटीस, एक मनमाडला, एक कल्याणला. वर्षाचे तीन भाग करून ती या तीन घरी राही. एका वळकटीत आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत तिचा संसार मावे. नातलगांच्या बोलण्यात तिचा उल्लेख थोड्या कीवेने होई. 'काय बाई जन्म! सारखी आपली इकडून तिकडे!' असे म्हणून बायका सुस्कारा टाकीत. तिला स्वतःला त्याचे काही वाटत असल्याचे कधी दिसले नाही. "आत्या, तुझे घर कोणते गं?" असे आम्ही पोरे विचारीत असू, तेव्हा ती म्हणे, "आज हे."

त्या ट्रंकेतून काय काय हिंडे, ते सांगू लागलो तर पान पुरणार नाही. कल्याणच्या काकूंच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या मनमाडच्या मुलांच्या अंगावर असत. मनमाडचे मेतकूट आमच्या भातावर पडे. आमच्याकडचा नवा तांदूळ कल्याणला जाई. कोणाला मुलगी सांगून आली, कोणाची बढती अडली, कोणाच्या पोराला गणित येत नाही, हे सर्व तिच्याबरोबर प्रवास करी. पुढे तिन्ही भावांत वडिलार्जित खाचरावरून बिनसले. पत्रे थांबली. एक भाऊ दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेला नाही. परंतु आत्याची फेरी थांबली नाही. ज्या खाचरावरून भांडण, त्याच खाचराचे तांदूळ ती दोन पायल्या बांधून कल्याणला नेई आणि वहिनीच्या हाती देताना म्हणे, "दादाने दिलेत." दादाने ते दिलेले नसत, त्याने फक्त पाहिले न पाहिले केलेले असे. एवढ्या उबेवर ती तीन घरे वीस वर्षे टिकली. १९८७ साली ती वारली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत खाचराचा दावा न्यायालयात गेला, आणि आज त्या तीन घरांतली नातवंडे रस्त्यात भेटली तर एकमेकांना ओळखणार नाहीत.

उपमा फार ताणू नये हे मी जाणतो. समुद्रातल्या पाण्याला मन नाही, आणि आत्याला भोवरा म्हटलेले तिला मुळीच आवडले नसते. परंतु कोणतेही घर, कोणतेही गाव कशामुळे गोठत नाही, याचा हिशेब मांडताना आपण मोठे प्रवाह तेवढे धरतो. बारीक फेऱ्या जमेस धरीत नाही. शास्त्रातही नेमकी हीच अडचण आहे. पृथ्वीच्या हवामानाचे भविष्य वर्तविण्यासाठी शास्त्रज्ञ गणकयंत्रात साऱ्या समुद्राची चौकटी पाडतात. एकेक चौकट पुष्कळ वर्षे शंभर किलोमीटरांच्या आसपास असे. ज्या जाळ्याची भोके शंभर किलोमीटरांची, त्यात दहा किलोमीटरांचा मासा कसा सापडावा? भोवऱ्यांचे काम तेथे अंदाजाने धरावे लागे. आता यंत्रांची शक्ती वाढली आहे व चौकटी लहान झाल्या आहेत. तरी ध्रुवांकडचे लहान भोवरे सगळे पकडावयाचे, तर अजून बरेच बारीक विणावे लागणार आहे.

हे विणण्याच्या कामी आपल्या देशाचाही हात आहे, आणि तो प्रामुख्याने गोव्यातून. १९६६ च्या जानेवारीत स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावला येथे आहे. १९८१ च्या डिसेंबरात डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. १९८३ अखेरीस गेलेल्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरास जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. त्या व भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. त्या मोहिमेने तेथे जे ठाणे उभारले, त्याचे नाव 'दक्षिण गंगोत्री'. गोदावरीला दक्षिणगंगा म्हणणाऱ्या आम्हा नाशिककरांना ते नाव वाचताना, आपले त्र्यंबक कोणी पृथ्वीच्या टोकाला नेऊन ठेवले की काय, असे वाटते. पुढे वास्को येथे ध्रुवीय संशोधनाचे स्वतंत्र केंद्र निघाले. २००४ पासून दक्षिण महासागराच्या मोहिमा सुरू झाल्या. उत्तरेस, नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार बेटांवर, २००८ मध्ये 'हिमाद्री' हे ठाणे झाले. आणि तेथल्या एका खाडीत २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी सुमारे १९० मीटर खोलीवर उपकरणांची माळ नांगरून ठेवली. अटलांटिकचे ऊन पाणी त्या खाडीत केव्हा, किती व कसे शिरते, याची नोंद बाराही महिने ठेवावी, हा त्यातला हेतू. २०१३ च्या फेब्रुवारीत श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या 'सरल' या भारत व फ्रान्स यांच्या उपग्रहाने समुद्राच्या पृष्ठभागाची उंची बोटा-दोन बोटांच्या अचूकपणाने मोजली. त्या वीतभर फुगवट्यांवरून खालचे भोवरे ओळखता येतात. दक्षिणेकडे तर सीलांच्या डोक्यावर लहान उपकरणे चिकटवितात. ते प्राणी बर्फाखाली बुड्या मारून येतात आणि वर आले, की त्यांच्या उपकरणाचा निरोप उपग्रहामार्फत पोचतो. असे टपालवाले कोणत्याही सरकारला स्वस्तातच पडावेत!

येथवर मी माझ्या अशिलाची तारीफच केली. परंतु वकिलाने प्रतिपक्षाचा पुरावा दडवू नये. तो पुरावा गंभीर आहे. भोवरे जी ऊब ध्रुवांकडे नेतात, ती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही, वाढत आहे. कोळसा व तेल जाळून आपण हवेत जी अधिक उष्णता अडकविली, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. ती वाटली जाणारच. उत्तर ध्रुवसमुद्रावर सप्टेंबरात उरणारा बर्फ १९८० च्या सुमारास सत्तर लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास असे. २०१२ साली तो चौतीस लाखांपर्यंत उतरला. झाकण पातळ झाले, की वाऱ्याला पाण्याशी झोंबता येते आणि फिरत्या पाण्याचे घर्षणही कमी होते. दक्षिणेस पाइन आयलंड व थ्वेट्स या हिमनद्यांच्या समुद्रात उतरलेल्या बर्फाला खोलातले उबदार पाणी खालून पोखरीत आहे. ते पाणी खंडाच्या उतारावरून वर चढविण्याचे जे मार्ग आहेत, त्यांत भोवरेही आहेत. जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला, की समुद्राची पातळी वाढते. घोटी सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. समुद्र आमच्या उंबऱ्याशी यावयाचा नाही. परंतु मुंबईस आणि कोकणपट्टीस ज्यांचे आप्त नाहीत, असे घर आमच्याकडे क्वचितच असेल. आणि ज्या पावसावर आमची आवणी अवलंबून, तोही याच एका समुद्राच्या ऊन-गार हिशेबातून निघतो.

मग भोवरा दोषी ठरतो काय? मला वाटते, नाही. तो हमाल आहे. स्टेशनात उतरलेले ओझे तो उचलतो आणि पलीकडे नेऊन ठेवतो. ओझ्यात काय आहे व ते किती आहे, हे ठरविणारे आपण आहोत. आत्याने आमच्या घरचे तांदूळ कल्याणला नेले. आमच्या घरचे वैर तिला नेता आले असते, तर तिने तेही नेले असते का, हा विचार माझ्या मनात येऊन जातो. तिच्याजवळ निवड होती व ती तिने केली. पाण्याजवळ निवड नाही. म्हणूनच त्याच्या हाती काय द्यावयाचे, याची जबाबदारी आपल्यावर अधिक पडते.

यंदा आमच्या पुतणीचे नाव दक्षिण महासागरात जाणाऱ्या एका सफरीच्या यादीत आले आहे. तिची आई गेल्या महिन्यापासून काळजीत आहे. परवा सामान बांधताना ती मुलीला म्हणाली, "बाई गं, पाण्यातल्या भोवऱ्यांपासून मात्र जप हो."

"आई, ते सापडावेत म्हणूनच तर चालले आहे," मुलगी म्हणाली.

वहिनी काही बोलली नाही. तिने माळ्यावरून आत्याच्या हातची एक विटलेली गोधडी काढली आणि पेटीत घातली. जहाजावर न्यावयाच्या सामानाचे वजन ठरलेले असते. मुलीने दोन जाड पुस्तके बाहेर काढून ठेवली आणि पेटी बंद केली.